डावा कान

फोन मीच लावला. हेतल म्हणाली, आई, मी लावते.
म्हटलं, चौतीस वर्षं गावाचे ट्रंककॉल जोडले,
माझा मला जोडता येईल.

सवयीने डाव्या कानाला धरला.
डावीकडे हल्ली कोणीतरी कापूस पिंजत असतं.
उजवीकडे घेतला तेव्हा मुलगी विचारत होती,
"बेन, टेस्ट कोनी करवानी छे?"
माझी, म्हटलं.
"जोरथी बोलो, संभळातुं नथी."
मला हसू आलं. तिला आलं का, कळलं नाही.

दिघेचं तिने दवे केलं.
मग माझ्यातली ती जुनी बाई जागी झाली:
डी दिल्ली, आय इंडिया, जी गोवा, एच हैदराबाद,
ई एर्नाकुलम.
पलीकडे जरा वेळ शांतता.
सोमवार मिळाला, सकाळी साडेनऊ.

गॅसच्या बिलामागे पेन्सिलीने उतरवून घेतलं:
मळ काढून या, घरी काडी घालू नका.
सर्दी झाली तर आधी कळवा.
गोळ्यांची यादी. जुना रिपोर्ट असल्यास.
आदले सोळा तास मोठा आवाज नको.

म्हटलं, बेन, रविवारी सहावं नोरतं.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीकर बांधून झालेत,
फडताळाएवढे, एकावर एक.
"तो दिवाळी पछी आवजो."
दिवाळीत काय बडोदं मौन पाळतं?

तीन दिवस कुशीवर पडून थेंब घातले.
कानात सोडा फसफसतो,
आणि गंमत अशी की तेवढं स्वच्छ ऐकू येतं.

जुना रिपोर्ट सापडला, चौऱ्याहत्तरचा.
नोकरीला लागताना डॉक्टर पडद्यामागून
आकडे कुजबुजले होते.
मी आकडे सांगितले,
वर हेही, की बाहेर शिपाई चहात साखर ढवळतोय.
"श्रवण उत्तम." खाली गोल शिक्का.
हा न्यावा का?
न्यावा. पिशवीत घातला, गोळ्यांच्या यादीखाली.

एक्स्चेंजमध्ये रोझी मॅकवान म्हणायची,
डावा कान सरकारचा, उजवा घरचा.
हेडसेट डावीकडेच. लाइन खराब असली की
आम्ही मध्ये बसून वाक्यं पुढे सरकवायचो:
त्या म्हणतायत, मुलगी झाली.
ते विचारतायत, वजन किती.
त्या रडतायत, साहेब. थांबा जरा.
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
एकदा नागपूरचे कोणी आजोबा गेले,
तेही मीच सांगितलं, माझ्या आवाजात,
ज्यांना सांगितलं त्यांचा चेहरा मला ठाऊक नाही.

रविवारी पाच वाजता हेतलने स्कूटरवरून
मला फतेगंजला सोडलं, रोझीकडे.
चर्चमागची गल्ली, तिथे मंडप नाही.
ती मशीन लावते. तिचाही डावाच गेला आधी.
शेजारी बसलं की एकीलाच ऐकू जातं,
म्हणून समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा,
आणि वाटाणे सोलले.

तिने मला शिकवलं: बंद खोली असते, काच असते.
बारीक टूं आलं की बटन दाबायचं.
"नसलं आलं तरी दाबावंसं वाटतं, शशी.
वाटतं, बिचारा पलीकडून किती वेळ लावतोय.
दाबू नको.
उचलल्याशिवाय कनेक्शन द्यायचं नाही."

रात्री तिने मशीन काढून साबणाच्या डबीत ठेवली,
हात हलवला, दिवा घालवला.
अकरा वाजले असतील. समाच्या बाजूने
ढोल आल्यासारखा वाटला, फार लांबून,
दोन टाळ्या आणि एक मोकळी जागा.
रोझीला विचारणार कशी?
मी पडून राहिले, उजवा कान वर करून.
ऐकत होते की आठवत होते,
हातात बटन असतं तर
दाबलं असतं की नाही, सांगता येत नाही.